सुरूच्या बनातून, ओल्या वाळूवरून

"रोज अर्धा तास चाला" हे डॉक्टरांचे वाक्य आपल्या वस्तीतल्या जवळजवळ प्रत्येक घरात येऊन गेले आहे. साखरेच्या गोळीच्या नावाखाली, त्याच चिठ्ठीवर ते लिहिलेले असते. चालायचे कुठे, हे मात्र कोणी लिहून देत नाही. गल्ली चार फुटांची, तिच्यात अर्धी जागा मोटारसायकलींची, उरलेल्या जागेत पाण्याचे पिंप. मैदान असले तर तिथे क्रिकेट. साठीच्या आजीने त्या गल्लीत वेगाने चालायचे म्हटले तर गुडघा मोडायचीच भीती जास्त. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर एक चालण्याची जागाच सांगायची आहे. रोजची नव्हे, पण पावसाळा संपल्यावर घरातल्या लहानापासून आजीपर्यंत सर्वांना जमेल आणि लोकलच्या तिकिटात होईल अशी.

आधी एका आक्षेपाचे बोलून घेऊ. "आम्ही काय बसून असतो? दिवसभर उभेच असतो की," असे धुणीभांडी करणाऱ्या ताई म्हणतात, सफाई कामगार म्हणतात, नाक्यावरचा हमालही म्हणतो. ते खरेच आहे. पण कामातली हालचाल आणि मोकळे चालणे यांत फरक असतो. कामात आपण वाकलेले असतो, एकाच जागी तासन्‌तास उभे असतो, ओझे एकाच बाजूला असते आणि थांबायचे केव्हा ते आपल्या हातात नसते. पोटऱ्यांत रक्त साचते, कंबर आखडते, पण हृदयाला आणि फुप्फुसाला हवा तो एकसारखा व्यायाम मिळतोच असे नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम वेगाची हालचाल सुचवते. मध्यम वेग ओळखण्याची खूण सोपी आहे : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये.

आता जागा. पालघर जिल्ह्यातले केळवे. विरारच्या पुढे डहाणू लोकलने सफाळे गेले की पुढचे स्टेशन केळवे रोड. तिथून किनारा साधारण सहा-सात किलोमीटर, स्टेशनबाहेर शेअर रिक्षा मिळतात. वाटेत पानवेलींचे आणि नारळ-केळीचे मळे लागतात, केळवे-माहीमचे खायचे पान प्रसिद्ध आहे. गाव संपले की समोर सुरूचे लांबच लांब बन, त्याच्या पुढे वाळूचा उंचवटा आणि त्याच्या पलीकडे समुद्र. चढ नाही, दरी नाही, कडा नाही. ज्यांना "ट्रेकिंग" हा शब्द ऐकूनच धाप लागते त्यांच्यासाठी ही वाट आहे.

ऑक्टोबरच का, आणि सकाळीच का

पाऊस साधारण ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडून निघतो. मग सुरू होतो तो ऑक्टोबरचा उकाडा. ऊन कडक आणि हवेत अजून दमटपणा, त्यामुळे घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला तरच शरीर थंड होते. तो नुसता ओघळत राहिला तर शरीरातले पाणी आणि मीठ जाते, गारवा मात्र मिळत नाही. म्हणून याच महिन्यात दुपारी चालायला निघणे हा शुद्ध वेडेपणा आहे, आणि सकाळी निघणे हे सर्वांत शहाणपणाचे.

सकाळचे गणित शाळेच्या भूगोलातलेच आहे. खारे वारे आणि मतलई वारे आठवतात ना? रात्री जमीन लवकर थंड होते, समुद्र उशिरा. म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तो मतलई. दुपारी उलट होते. मतलई वारा हलका आणि त्यातल्या त्यात कोरडा असतो. दुसरे म्हणजे आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य आपल्या मागे, गावाच्या बाजूला असतो आणि सुरूच्या झाडांची सावली थेट वाळूवर पडते. साडेआठ-नऊपर्यंत ही फुकटची छत्री मिळते. पुढे सूर्य डोक्यावर आला की ती आखडत जाते. दुपारनंतर ऊन समुद्राकडूनच येते, मग सावली बनाच्या आत शिरल्याशिवाय नाही.

तिसरी गोष्ट ओहोटीची. चालायला उत्तम जमीन म्हणजे ओहोटीने नुकतीच उघडी पडलेली ओली, घट्ट वाळू. भरतीच्या वेळी पोहोचलात तर फक्त वरची भुसभुशीत वाळू शिल्लक असते आणि पहिल्या पाव तासात पोटऱ्या बोलू लागतात. ओहोटीची वेळ काढायला मोबाइल लागत नाही. कोळी बांधव पिढ्यान्‌पिढ्या हे तिथीवरून काढत आले आहेत. कॅलेंडरवरची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा, तितक्या वाजता भरती. पौर्णिमेनंतर आणि अमावस्येनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे दुपारी आणि रात्री सव्वादोनच्या सुमारास भरती. भरतीच्या आधी आणि नंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी, म्हणजे त्या दिवशी सकाळी आठच्या आसपास पाणी सर्वांत मागे. अष्टमीला हेच उलटे पडते : सकाळी सहाला भरती, ओहोटी थेट दुपारी बाराला, भर उन्हात. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, तरी बेत ठरवायला पुरेसा आहे. पौर्णिमा कोणत्या दिवशी आहे हे आपल्या घरांत लक्षात असतेच. तिच्यानंतर दोन ते पाच दिवसांत रविवार येतोय का ते पाहा. अमावस्येनंतरचेही तसेच चालते.

वाळू एकच नसते

किनाऱ्यावर तीन प्रकारची जमीन मिळते आणि तिन्ही शरीराला वेगवेगळे वागवतात. हे समजले तर म्हातारे माणूसही न दमता चार किलोमीटर चालते. नाही समजले तर तरुणही एका किलोमीटरात बसकण मारतो.

पाण्याजवळची ओली वाळू. दोन कणांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, तो कणांना एकमेकांशी धरून ठेवतो. त्यामुळे पाय फारसा रुतत नाही, आणि सिमेंटच्या रस्त्यासारखा दणकाही बसत नाही. गुडघेदुखी असलेल्यांसाठी हीच जमीन. एक काळजी मात्र घ्यावी लागते. किनारा समुद्राकडे उतरता असतो. एकाच दिशेने फार वेळ चालले तर एक पाय सतत खालच्या पातळीवर राहतो आणि त्या बाजूचा खुबा किंवा गुडघा दुखतो. शक्यतो सपाट पट्टा निवडा, आणि परतताना काही अंतर याच पट्ट्याने या, म्हणजे दोन्ही पायांचा हिशेब सारखा होतो.

मधली कोरडी वाळू. इथे कण सुटे असतात. पाऊल टाकले की वाळू खाली आणि मागे सरकते, आपण लावलेला जोर वाळू हलवण्यातच खर्च होतो. त्याच वेगाने कठीण जमिनीवर चालण्यापेक्षा मऊ वाळूत दुप्पट-अडीचपट शक्ती लागते. तरुण मुलांना वजन कमी करायचे असेल तर हा फुकटचा व्यायाम आहे, जिमची फी नको. पण हृदयविकार, धाप, टाचदुखी किंवा नुकताच मुरगळलेला घोटा असेल त्यांनी हा पट्टा फक्त ओलांडायचा, त्यातून चालत राहायचे नाही. आणि ही वाळू तापते फार लवकर. कणांमधल्या हवेमुळे उष्णता खाली जात नाही, सगळी वरच्या थरात साठते. बोटभर खाली उकरले तर गार लागेल, वर मात्र चटका.

तिसरी जमीन बनातली. सुरूच्या गळलेल्या सुयांचा तिथे तपकिरी गालिचा असतो. पाय मऊ पडतो, रुतत नाही, आवाजही होत नाही. परतीची चाल इथून ठेवा. वाळूत गुंतलेल्या उघड्या मुळांवर मात्र लक्ष असू द्या. म्हाताऱ्या माणसांच्या हातात काठी दिली तर लाजण्यासारखे काही नाही.

एकूण चाल अशी बसवावी : किनाऱ्यावर पोहोचल्यावर दहा मिनिटे हळू, मग ओल्या वाळूवरून चाळीस मिनिटे उत्तरेला, म्हणजे माहीमच्या दिशेने. समुद्राकडे तोंड केले तर उजव्या हाताला. मग वळायचे, थोडे ओल्या वाळूने परत यायचे, नंतर पायवाटेने उंचवटा ओलांडून बनात शिरायचे आणि सावलीतून मागे. सगळे मिळून चारेक किलोमीटर, दीड-दोन तास, मुलांच्या थांबण्यासकट. मुले थांबणारच. ओल्या वाळूवर हरभऱ्याएवढ्या वाळूच्या गोळ्यांची रांगोळी दिसते, ती इवले खेकडे वाळूतले अन्न चोखून मागे टाकतात त्या गोळ्यांची असते. त्यांच्यासाठी दहा मिनिटे गेली तर जाऊ द्या.

उंचवटा कसा उभा राहतो

वाळूची टेकडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर राजस्थान येतो. कोकणातल्या टेकड्या तशा नाहीत, कुठे कमरेएवढ्या तर कुठे पुरुषभर. पण त्या बनण्याची तऱ्हा बघण्यासारखी आहे. समुद्राकडचा वारा सुकी वाळू उडवतो. वाटेत मर्यादवेल भेटते, जांभळट फुलांची आणि शेळीच्या खुरासारख्या दुभंगलेल्या पानांची. तिच्या पानांत वाऱ्याचा वेग मोडतो आणि वाळू खाली पडते. वेल गाडली जात नाही, तिचे शेंडे वाळूच्या वर येतात, पुन्हा वाळू अडते, पुन्हा ती वर येते. अशी वर्षानुवर्षे टेकडी वाढते. "मर्यादा" हे नाव उगीच नाही, समुद्राने इथवरच यायचे, अशी ती रेघ आहे. केळव्याच्या सुरूच्या बनातच पोर्तुगीज काळातला एक छोटा भुईकोट आहे. वाळूने त्याचा बराचसा भाग पोटात घेतला होता. वाळू किती चालते हे पाहायचे असेल तर तो पाहावा.

या टेकडीशी आपल्या आरोग्याचा सरळ संबंध आहे, तो पाण्याचा. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते, कारण गोडे पाणी हलके असते. किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावरच्या वाडीतली विहीर गोडी असते ती यामुळे. बांधकामाला वाळू उपसली, टेकडी सपाट केली की हा गोड्या पाण्याचा साठा घटतो आणि खारे पाणी आत सरकते. मग टँकर. टँकरच्या रांगेत कोण उभे राहते, हे वस्तीत राहणाऱ्यांना सांगायला नको. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत, ज्याला सगळे सीआरझेड म्हणतात, वाळूच्या टेकड्यांना सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात ठेवले आहे ते यासाठी. आपणही वेल तुडवून घसरगुंडी करायची नाही, पडलेल्या पायवाटेनेच ओलांडायचे.

सुरू मात्र मूळचा इथला नव्हे. तो आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाकडचा. कारवारकडे १८६८ च्या सुमारास त्याची लागवड झाली आणि मग वारा अडवायला व सरपणाला म्हणून तो किनाऱ्याकिनाऱ्याने पसरला. ज्याला आपण त्याच्या सुया म्हणतो त्या खरे तर बारीक हिरव्या फांद्या, पाने त्यांच्या पेरांवर डोळ्यांना जेमतेम दिसतील इतकी छोटी. नापीक वाळूत हे झाड जगते कारण त्याच्या मुळांच्या गाठींतले जंतू हवेतला नत्र पकडून देतात. त्याच्याखाली दुसरे फारसे उगवत नाही, हा त्याचा दोष. जोराच्या वाऱ्यात ते उन्मळते, हा दुसरा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगरच्या बनाची दैना झाली होती. वारा सुटला असेल त्या दिवशी वाळक्या झाडाखाली शिदोरी सोडू नका.

पाणी न पिणाऱ्या बायका

आपल्या बायका सहलीला निघाल्या की पहाटेपासून पाणी पिणे बंद करतात. कारण सगळ्यांना ठाऊक आहे : मुतारी मिळेल की नाही, कशी असेल. ऑक्टोबरच्या उकाड्यात हे फार महागात पडते. डोके दुखते, पोटऱ्यांत गोळे येतात, चक्कर येते आणि दोन दिवसांनी लघवीला जळजळ सुरू होते. यावर "भरपूर पाणी प्या" हा सल्ला पुरेसा नाही, मुतारीची सोय आधी ठरवणे हा खरा उपाय आहे. गाडी पकडण्याआधी, केळवे रोडला उतरल्यावर आणि किनाऱ्यावरच्या चहाच्या किंवा जेवणाच्या घरगुती हॉटेलात, अशा तीन थांब्यांची चाल बसवा. दहाजणी एकत्र चहा घेणार असतील तर हॉटेलवाला नाही म्हणत नाही. विहाराच्या महिला मंडळाने बेत आखताना हा मुद्दा पहिला लिहावा, जेवणाचा दुसरा.

माणशी दीड-दोन लिटर पाणी हवे. एका बाटलीत मीठ-साखरेचे पाणी करून न्या. प्रमाण असे : एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने जास्त टाकू नका, लहान मुलांना त्याचा त्रास होतो. हे पाणी सर्वांनी उगाच पीत राहायचे नाही, थकवा, गोळे किंवा जुलाब झाले तर द्यायचे. एरवी साधे पाणी, मीठ घातलेले ताक किंवा शहाळे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी शहाळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात पोटॅशियम बरेच असते.

कोणाचे बोलणे असंबद्ध झाले, अंग तापले आणि तो भोवंडून पडला तर तो उष्माघात समजा. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

साखर, रक्तदाब आणि नुकताच उतरलेला ताप

मधुमेहींनी एक नियम पाळायचाच : वाळूत अनवाणी चालायचे नाही. बाकी सगळे अनवाणी चालत असतील, नातवंडे ओढत असतील, तरी नाही. जुन्या मधुमेहात तळव्याची संवेदना कमी होते. तापलेली वाळू भाजते आहे, शिंपला किंवा गळाचा तुटका हूक रुतला आहे, हे कळतच नाही. फोड दुसऱ्या दिवशी दिसतो, चिघळायला आठवडा लागतो आणि मग बोट कापण्यापर्यंत गोष्ट जाते. कॅनव्हासचे जुने बूट आणि सुती मोजे पुरेत. चप्पल नको, तिच्या पट्ट्याखाली वाळू जाऊन कातडी सोलते. उपाशीपोटी चालू नये, गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर भाकरी खाऊनच निघावे. खिशात साखरेची पुडी असावी. हात थरथरले, दरदरून घाम सुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तीन-चार चमचे साखर लगेच तोंडात टाकावी आणि बसावे.

रक्तदाबासाठी लघवीची गोळी घेणाऱ्यांचे पाणी आधीच कमी होत असते, त्यांनी उन्हात जास्त जपावे. दम्याच्या माणसाने पंप घरी विसरू नये. आणि ज्यांच्या घरी नुकताच डेंग्यू होऊन गेला आहे, आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये असे एक तरी घर असतेच, त्या माणसाला या वर्षी नुसते सोबत न्या आणि बनात सावलीत बसवा. चिकुनगुन्याने सांधे धरलेल्यांनाही वाळू नको.

बाकी थोडक्यात. समुद्रात पोहायला उतरू नका, गुडघ्याच्या वर तर नाहीच. दक्षिणेकडे खाडीच्या तोंडाशी गाळ आणि ओढ असते, तिकडे मुलांना सोडू नका. बनात पालापाचोळ्यात हात घालू नका, फुरसे वाळूच्या रंगात मिसळून बसते. चावलेच तर दोरी आवळणे, कापणे, मांत्रिक हे काहीही नको. हातपाय न हलवता ठेवा आणि सरकारी दवाखान्यात न्या, प्रतिविष तिथेच मिळते. पायाला जखम असेल तर साचलेल्या डबक्यातून चालू नका, लेप्टोचा धोका पावसाळ्यानंतरही काही आठवडे राहतो. जेलीफिश लागला तर चोळू नका, समुद्राच्याच पाण्याने धुवा.

रायगडकडच्या वाचकांना असेच बन आक्षी-नागावला मिळेल, रत्नागिरीकरांना भाट्याला, सिंधुदुर्गकरांना शिरोड्याला. तिथीचा हिशेब तिथेही चालतो.

परतीच्या गाडीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्या पाहून ठेवा, डहाणू मार्गावर विरारसारख्या पाठोपाठ गाड्या नसतात. घरी आल्यावर साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. मधुमेही आजीचे तळवे उजेडात कोणीतरी दुसऱ्याने पाहावेत, तिला स्वतःला वाकून दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा एकदा पाहावेत.